एकट्याचे मत : न्यायमूर्ती कोका सुब्बाराव

बाबासाहेबांनी घटना लिहिली हे आपल्या वस्तीतलं शाळकरी पोरसुद्धा सांगेल. परंतु घटनेच्या कलमांचा अर्थ पुढे न्यायालयात कोणी कसा लावला, हा इतिहास आपल्या सभांतून फारसा सांगितला जात नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही एका न्यायमूर्तींची ओळख करून देत आहोत. ते आपल्या समाजाचे नव्हते आणि चळवळीतलेही नव्हते. तरी त्यांचे एक मत आपल्या हजारो मुलामुलींच्या नोकरीशी जोडलेले आहे.

कोका सुब्बाराव यांचा जन्म १५ जुलै १९०२ रोजी आंध्रातील राजमहेंद्री येथे झाला. मद्रासला वकिली केली. १९४८ साली ते तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९५४ साली नव्या आंध्र राज्याचे मुख्य न्यायमूर्ती, ३१ जानेवारी १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि ३० जून १९६६ रोजी भारताचे सरन्यायाधीश, अशी त्यांची वाटचाल झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. केंद्र सरकारच्या नोकरीत त्या काळी अनुसूचित जातींना साडेबारा टक्के आणि जमातींना पाच टक्के, मिळून साडेसतरा टक्के जागा राखीव होत्या. जागा कागदावर राखीव, भरताना मात्र "योग्य उमेदवार मिळाला नाही" हा शेरा! अशा रिकाम्या राहिलेल्या जागा पुढील दोन वर्षांपर्यंत ओढून न्याव्यात, असा सरकारचा नियम होता. गिरणीत जशी पगाराची थकबाकी पुढे मागता येते, तशीच ही जागांची थकबाकी. यालाच आपण अनुशेष किंवा बॅकलॉग म्हणतो.

१९६१ साली केंद्रीय सचिवालयात ४५ जागा भरल्या. अनुशेष धरून त्यातल्या २९ जागा राखीव झाल्या. देवदासन नावाचे कर्मचारी न्यायालयात गेले. २९ ऑगस्ट १९६३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. चौघांनी अनुशेषाचा नियम रद्द केला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मुधोळकर हे आपल्या विदर्भातले. विरोधात एकटे सुब्बाराव.

चौघांचं म्हणणं असं की, घटनेच्या कलम १६ च्या पहिल्या भागात सर्वांना समान संधी आहे, आणि चौथ्या भागातले आरक्षण हा त्याला अपवाद आहे. अपवाद मूळ नियमाला गिळू शकत नाही. सुब्बाराव म्हणाले, हा अपवाद नाहीच. समान संधी खरोखर मिळावी म्हणूनच ही तरतूद आहे. त्यांनी घोड्यांच्या शर्यतीचा दाखला दिला. एक घोडा शर्यतीसाठी तयार केलेला, दुसरा साधा. दोघांना एकाच रेषेवरून सोडले तर ती समान संधी फक्त नावाची. महालक्ष्मीच्या रेसकोर्सशेजारी आयुष्य काढलेल्या गिरणी वस्तीला हे जास्त समजावून सांगायला नको!

एकट्याच्या मताला त्या दिवशी काडीची किंमत नव्हती. निकाल बहुमताचाच चालतो. पण मत कागदावर राहिलं. केरळमधील अनुसूचित जाती-जमातींच्या कारकुनांना खात्याची परीक्षा पास होण्यास जादा मुदत दिली होती. त्या थॉमस खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने आरक्षण हा अपवाद नाही, हा सुब्बारावांचा विचार स्वीकारला. १९९२ च्या मंडल निकालाने तो कायम केला, मात्र एका वर्षात पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली. शेवटी २००० साली ८१ वी घटनादुरुस्ती झाली आणि अनुशेषाच्या जागा त्या मर्यादेबाहेर काढल्या. २००६ साली न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. १९६३ ते २००० म्हणजे ३७ वर्षे! एवढ्यात नोकरदाराची सगळी नोकरी संपते.

परंतु आम्ही कोणाची पूजा मांडत नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २७ फेब्रुवारी १९६७ च्या गोलकनाथ निकालात याच सुब्बारावांनी सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने ठरवले की, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. खटला पंजाबातल्या मोठ्या जमीनदार कुटुंबाचा होता, आणि तेव्हा मालमत्ता हासुद्धा मूलभूत हक्क होता. इकडे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह होऊन दोनच वर्षे झाली होती. जमीन मागणाऱ्यांना हा निकाल कसा गोड लागावा? १९७३ च्या केशवानंद निकालाने गोलकनाथ रद्द केला, पण घटनेच्या मूळ चौकटीला संसदेने हात लावायचा नाही, हेही सांगितले. आज घटना बदलण्याची भाषा निघाली की आपण त्याच चौकटीचा आधार घेतो. संसदेला मर्यादा आहे हा विचार गोलकनाथमधूनच पुढे आलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

एप्रिल १९६७ मध्ये त्यांनी पदाचा राजीनामा दिला व विरोधी पक्षांतर्फे राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. झाकिर हुसेन निवडून आले. ६ मे १९७६ रोजी सुब्बारावांचे निधन झाले.

यातून आपण काय घ्यायचं? ऑफिसात, युनियनमध्ये, पतपेढीत आपला माणूस पुष्कळदा एकटाच असतो. "आपलं कोण ऐकतंय" म्हणून तो गप्प बसतो. बांधवांनो, गप्प बसू नका. आपले मत कारणांसह लेखी नोंदवा आणि त्याची प्रत जपून ठेवा. रोस्टर मागा, अनुशेषाचा आकडा मागा. आणि आपल्या मुलामुलींना वकिलीकडे पाठवा. घटना बाबासाहेबांनी दिली. तिचा अर्थ लावायच्या जागेवर आपली माणसे बसली पाहिजेत.

जयभीम!