निसरड्या वाटेचा अभ्यास

चंद्रपूर-गडचिरोलीत बर्फ पडत नाही. तरीही बर्फाळ देशांत घसरून पडण्याचा जो अभ्यास झाला, तो आपल्या कामाचा आहे. बर्फ सर्वांत निसरडा होतो तो वितळू लागल्यावर, त्याच्यावर पाण्याचा पातळ थर धरतो तेव्हा. आपल्याकडे असाच थर आषाढात धुऱ्यावरच्या चिकणमातीवर धरतो, कोळसा खाणीच्या उतारावरल्या ओल्या भुकटीवर धरतो. टाच टेकताना जमिनीने पकड दिली नाही, की पाय पुढे जातो आणि माणूस मागे कोसळतो.

आपण म्हणतो, ‘पाय घसरला’. सगळा दोष पायाचा! धुरा किती अरुंद होता, डोक्यावर ओझे किती होते, अंधार पडला होता का, हे कोणी विचारतच नाही. हा विषय सुरू होतो तो या प्रश्नांपासून.

रोवणीच घ्या. चिखलात चप्पल टिकत नाही, म्हणून बाया अनवाणी. डोक्यावर पऱ्ह्यांच्या ओल्या पेंढ्या, एक हात वर, आणि खालची वाट दिसत नाही. तोल गेला की मोकळा हात आपसूक जमिनीकडे जातो, अंगाचा भार तळव्यावर येतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली याच अस्थिभंगाचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर ८१ वर्षांनी लागला. आजही हा अस्थिभंग कोलिस यांच्याच नावाने ओळखला जातो. प्लास्टर साधारण सहा आठवडे राहते. तेवढ्यात रोवणी संपते, आणि वर्षातली हक्काची मजुरीही.

खाणीत कामगार पडला आणि ७२ तास किंवा त्याहून अधिक कामावर येऊ शकला नाही, तर १९५२च्या खाण अधिनियमानुसार त्या दुखापतीची नोंदवहीत नोंद करावी लागत असे. बांधीत पडलेल्या बाईसाठी अशी नोंदवही नाही. शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात योजना मृत्यू आणि कायमचे अपंगत्व पाहते. मोडून पुन्हा जुळलेले मनगट तिच्यात बसत नाही. मला हा अन्याय वाटतो. जे नोंदले जात नाही, ते टाळण्याचा उपायही कोणी शोधत नाही.

या अभ्यासाला प्रयोगशाळा लागत नाही. यंदाच्या रोवणीत तुमच्या गावात कोणी पडले, तर जागा, वेळ, पायात काय होते, डोक्यावर काय होते आणि किती दिवस मजुरी बुडाली, एवढे एका वहीत लिहून ठेवा.