घेरदार झग्याखालचा खिसा



जुन्या घरात एखाद्या आजीच्या गाठोड्यात राणीछाप रुपया निघतो. त्यावरची राणी म्हणजे व्हिक्टोरिया. ती इंग्लंडच्या गादीवर १८३७ पासून १९०१ पर्यंत होती. आज आपण राणीबद्दल नाही, तिच्या देशात राबणाऱ्या बायकांबद्दल बोलू. तिथल्या आजच्या बायका तो इतिहास अंगावर घालून दाखवतात.

इंग्लंडच्या श्रॉपशायर भागात ब्लिस्ट्स हिल नावाचं एक गावच संग्रहालय म्हणून मांडलंय. बेकरी, औषधाचं दुकान, राहती घरं, सगळं साधारण १९०० सालचं. तिथे काम करणारी माणसं त्याच काळच्या कपड्यांत वावरतात. बँकेत आजचे पैसे दिले की जुन्या धाटणीची नाणी मिळतात, ती त्या दुकानांत चालतात. काही बायका तर पोशाखाचं बोचकं घेऊन शाळेत, वाचनालयात, खेड्यातल्या महिला मंडळात जातात आणि जुन्या काळची बाई होऊन बोलतात.

बऱ्याचदा सुरुवात असते सगळ्यांसमोर कपडे चढवण्याची. आधी सुती आतला अंगरखा. त्यावर कॉर्सेट, म्हणजे दोरीने आवळायची ताठ चोळी. मग परकर. १८५० नंतर आली क्रिनोलिन: पोलादी कड्यांचा पिंजरा, थेट कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखा. बघणाऱ्यांना वाटतं, केवढं हे ओझं! पण आधी घेर फुगवायला एकावर एक कितीतरी परकर घालावे लागत, त्यापेक्षा हा पिंजरा हलका. धोका वेगळाच होता. घेर कुठवर गेलाय ते कळायचं नाही आणि घरात उघडी शेगडी. झगा पेटून बायका भाजल्या, काही जिवानिशी गेल्या.

या कपड्यांच्या थरांत आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो खिसा. नाडीने कमरेला बांधायचा, झग्याच्या शिवणीतल्या फटीतून हात घालायचा. आपली कनवट किंवा चंचीच म्हणा ना. किल्ली, सुई-दोरा, चार नाणी त्यात.

पण ती नाणी कुणाची? १८७० पर्यंत इंग्लंडच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची होती. तिने दिवसभर धुणी धुवावीत आणि त्याने दारूच्या गुत्त्यावर उडवावेत, तिला दाद मागायची सोय नव्हती. १८७० च्या कायद्याने तिची मजुरी तिची झाली आणि बचत बँकेत तिच्या नावावर ठेवलेले पैसेही तिचे झाले. घर-जमिनीसारखी मालमत्ता स्वतःची म्हणून ठेवायला १८८२ चा कायदा यावा लागला. बचत गटात पासबुक सांभाळणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रयोगांत रेशमी झगेच जास्त दिसतात, कारण ते देखणे असतात. आम्हाला विचाराल तर विगनची कोळसेवाली आधी उभी करावी. १८४२ च्या कायद्याने बायकांना खाणीत खाली उतरायला बंदी केली. तेव्हा त्या वर, खाणीच्या तोंडाशी कोळशातले दगड निवडायच्या, कोळसा चाळायच्या. लँकशायरमधल्या विगनच्या बायका त्यासाठी विजार घालत, वरचा आखूड झगा कमरेशी गुंडाळून घेत. आपण शेतात काष्टा मारतो, तसंच. पण शहरातल्या सभ्य लोकांना बाईच्या अंगावरची विजार खुपली. त्यांचे फोटो गंमत म्हणून विकले गेले!

१८८० नंतर वरच्या कामातूनही बायकांना काढावं, असं संसदेत घाटू लागलं. बायकांना हे शोभत नाही, असं म्हणायचे. पुरुषांची मजुरी त्यांच्यामुळे पडते, अशीही तक्रार होती. त्या बायकांच्या घरी चूल कशी पेटेल, याची काळजी फार थोड्यांना होती. १८८७ साली खाणीवरच्या काही बायका लंडनला गृहमंत्र्यांकडे गेल्या. आमचं काम काढून घेऊ नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. बंदी आली नाही. विगनच्या खाणींवर बायका पुढे विसाव्या शतकातही कोळसा निवडत राहिल्या.