चावडीवरची हजेरी आणि दरोड्याचे कलम

‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ ही बातमी कोल्हापूर-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांच्या वाचकाला आता पाठ झाली आहे. पहाटेची वेळ, महामार्गालगतचे आडरान, गस्तीवरचे पथक, चार-पाच संशयित, त्यातले एक-दोघे अंधाराचा फायदा घेऊन पसार. आणि जप्त मुद्देमालात कोयता, कटावणी, नायलॉनची दोरी, मिरचीपूड. दरोडा पडलेला नसतो. कोणाच्या घरातून मणीसुद्धा गेलेला नसतो. तरीही गुन्हा गंभीर असतो, जामीन सहजी मिळत नाही आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्ष घडलेल्या कृत्यावर शिक्षा करणाऱ्या आपल्या फौजदारी कायद्यात दरोड्यालाच असा खास हिशेब का, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. त्या इतिहासाला कोल्हापूर संस्थानाने 1918 मध्ये दिलेले एक वळण आज पुन्हा तपासून पाहण्याजोगे आहे.

आधी कायद्याची घडण पाहू. 1860 च्या भारतीय दंड संहितेने चोरीला जबरदस्तीची जोड मिळाली की जबरी चोरी मानली आणि तीच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली की दरोडा. चौघे असतील तर जबरी चोरी, पाचवा आला की दरोडा. आणि पाचव्यासकट सगळ्यांच्या डोक्यावर जन्मठेपेची टांगती तलवार. दरोड्यात एकाने खून केला तर हातात काठीही नसलेले बाकीचे त्याच कलमाखाली फाशीपर्यंत जाऊ शकतात. उलट, प्राणघातक हत्यार वापरल्याबद्दलची किमान सात वर्षांची शिक्षा मात्र ज्याने हत्यार वापरले त्यालाच लागते, हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. हत्यार उघड दिसेल असे धरून धाक घालणे हेही वापरणेच, असेही. पाचांपैकी दोघे सुटले आणि आणखी अनोळखी साथीदार होते हे सिद्ध झाले नाही, तर दरोड्याचा आरोप कोसळतो. इथवरचा कायदा कठोर असला तरी कृत्याभोवती फिरतो: काय घडले, किती जण होते, कोणाच्या हातात काय होते. फिर्यादी पक्षाला ओळख परेड, पंचनामा, मुद्देमालाची जप्ती यांतून प्रत्येक कडी जोडावी लागते. पण दंड संहितेच्या त्याच प्रकरणात आणखी तीन कलमे बसवली होती. दरोड्याची तयारी, दरोड्यासाठी एकत्र जमणे, आणि सराईत दरोडेखोरांच्या टोळीशी संबंध असणे. खुनाच्या इराद्याने कोणी सुरा विकत घेतला तर तेवढ्याने तो खुनाचा गुन्हेगार ठरत नाही. निव्वळ तयारीला शिक्षा देणारे अपवाद मोजकेच आहेत. राजाविरुद्ध युद्धाची तयारी हा त्यातला एक, दरोड्याची तयारी हा दुसरा. साम्राज्याला कशाची धास्ती होती, ते या जोडीवरून कळते.

ही धास्ती आली कुठून? मराठेशाहीत गावच्या चोरीचा भार गावच्या जागल्यावर असे. आमच्या भागात रामोशी आणि बेरड ही राखणीची कामे करत. चोराचा माग काढत जायचे, माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला तर जबाबदारी त्या गावावर ढकलायची, आणि माग आपल्याच शिवेत हरवला तर नुकसानीची भरपाई द्यायची. ही व्यवस्था फार न्यायाची होती असे समजण्याचे कारण नाही. निरपराध गावाला भुर्दंड पडे आणि राखणदारच चोराला सामील असल्याचे प्रकारही घडत. पण तिच्यात या जातींना एक जागा होती, तिच्याबरोबर जमिनीचा तुकडा किंवा बलुते होते. कंपनी सरकारच्या काळात गडांचे महत्त्व गेले, शिबंदी मोडली, इनामांची चौकशी लागली. कोल्हापूर संस्थानात 1844 मध्ये सामानगड, भुदरगड इथल्या गडकऱ्यांनी उठाव केला तो याच धगीतून. वंशपरंपरेच्या हक्काच्या जमिनींचा कारभार नव्या अंमलदारांच्या हाती जातो आहे, हे त्यांना पचले नाही. राखणदाराची राखण काढून घेतली, हत्यार चालवण्याची सवय मात्र त्याच्याकडेच राहिली. अशा माणसाला पुढच्या पिढीत ‘जन्मजात गुन्हेगार’ म्हणणे म्हणजे कारण झाकून परिणामाला नाव ठेवणे.

तसे नाव ठेवण्याची कायदेशीर सोय मात्र एव्हाना झाली होती. इंग्रज अधिकारी स्लीमन याच्या ठगविरोधी मोहिमेसाठी 1836 मध्ये केलेल्या कायद्याने, अमुक माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप देता येऊ लागली. कोणता खून, कुठे, कधी, हे दाखवण्याची गरज उरली नाही. माफीच्या साक्षीदाराने बोट दाखवले की काम भागे. 1843 मध्ये हीच तरतूद दरोडेखोरांना लावली. दंड संहितेतले ‘टोळीशी संबंध’ हे कलम याच वंशातले. पुढची पायरी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची. आता टोळीचीही गरज नव्हती, जात पुरे होती. एखादी जमात गुन्हेगार म्हणून सरकारने जाहीर केली की त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोयच ठेवली नव्हती. उत्तरेत सुरू झालेला हा कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्यासह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला आणि 1924 मध्ये नव्याने घट्ट केला गेला. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर पास. जबरी चोरी किंवा दरोड्यासारख्या गुन्ह्यात नोंदलेला माणूस दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा काळे पाणी. त्याच गुन्ह्याला शेजारच्या घरातल्या, नोंद नसलेल्या माणसाला न्यायाधीश वर्षभराची शिक्षा देऊन मोकळा होऊ शकत होता.

हजेरी हा शब्द आज शाळेतला वाटतो, पण चावडीवरची हजेरी माणसाचे जिणे करकचून बांधत असे. पाटलापुढे उभे राहून नावाला ‘हजर’ म्हणायचे, ते रोजच्या रोज. परगावी मजुरी मिळाली तरी मुक्काम करता येत नाही. लग्नाला, मयताला जायचे तर आधी परवानगी. गैरहजेरी हाच गुन्हा, आणि त्या रात्री पंचक्रोशीत कुठे चोरी झाली तर गैरहजर माणूस हाच पहिला आरोपी. मजुरी बुडाली की पोटासाठी हात वाकडा होण्याची शक्यता वाढते, म्हणजे ज्याला आळा घालायचा त्यालाच ही पद्धत खतपाणी घालत होती. 1918 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली. त्याच वर्षी महारवतन खालसा करून त्यांनी वेठबिगारीचे मूळ तोडले आणि अस्पृश्य समाजातले तलाठी नेमायला सुरुवात केली, हे लक्षात घेतले म्हणजे हजेरीचा हुकूम हा सुटा दयेचा झटका नव्हता हे उमगते. ज्यांच्या नुसत्या नावाने पोलिसांचे कान टवकारत, त्या फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीच्या छावणीवर पहाऱ्याला ठेवले. संस्थानाचा अधिपती जिथे झोपतो तिथे रात्रीचा पहारा पारध्याचा. यापेक्षा ठळक विधान कोणत्याही कायद्याच्या उद्देशिकेत करता आले नसते.

यावर पहिला आक्षेप असा की ही एका राजाची मर्जी होती, धोरण नव्हे. हजेरी उठल्यावर दरोडे घटले की वाढले, याचे आकडे मांडल्याशिवाय तिचे गोडवे गाऊ नयेत. आक्षेप निम्मा खरा आहे. राजाच्या मर्जीने मिळालेले दुसऱ्या राजाच्या मर्जीने जाऊ शकते, आणि म्हणूनच अशा गोष्टी कायद्यात उतरायला हव्यात. पण आकड्यांचे ओझे कोणी वाहायचे? ज्याने काही केलेले नाही त्याला मोकळे सोडण्यासाठी पुरावा मागायचा नसतो, बांधून ठेवण्यासाठी मागायचा असतो. 1871 पासून जमातीच्या जमाती नोंदवताना कोणत्या न्यायालयात तो मांडला गेला? शाहूंच्या हुकुमाने गुन्ह्याची शिक्षा माफ केली नव्हती. चोरी करणाऱ्यासाठी तुरुंग होताच. उठली ती फक्त न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. वस्तीवरच्या एकाकी घरात रात्री दार फोडून शिरलेली माणसे, अंगावरचे दागिने ओरबाडणे, म्हाताऱ्यांना झालेली मारहाण, हे सगळे कागदी नाही. उसाच्या रानात राहणाऱ्या कुटुंबाला विचारा, असे कोणी म्हणेल. पोलिसांनी दरोडा पडेपर्यंत थांबायचे काय? मुळीच नाही. टोळ्या असतात, त्या आखणी करतात, आणि वेळीच पकडल्या तर जीव वाचतात. तयारीचे कलम पुसून टाका, असे माझे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की कृत्य जितके अधुरे, तितका पुरावा पक्का हवा; प्रत्यक्षात होते उलटे. दरोडा पडलेला नसल्यामुळे फिर्यादी नाही, जखमी नाही, गेलेला माल नाही. उरतात पोलीस, त्यांनी बोलावलेले पंच आणि एक कोयता. ऊसतोडीच्या मुलखात कोयता कोणाच्याही खोपटात सापडेल आणि मिरचीपूड तर कोणत्याही फडताळात. हेतू सिद्ध करायला मग एकच वाट राहते, माणूस कोण आहे हे पाहण्याची. इतिहासाचे दार इथेच पुन्हा उघडते.

हा ‘कोण’ किती लहरी असतो ते आपल्याच स्मारकांवरून दिसते. रामोशी समाजातल्या उमाजी नाईकांना इंग्रजांनी 1832 मध्ये पुण्यात फासावर दिले. आज आपण त्यांना आद्यक्रांतिकारक म्हणतो. पण त्यांच्या जातीची हजेरी त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. 13 डिसेंबर 1942 रोजी गारगोटीच्या कचेरीवर स्वातंत्र्यसैनिकांनी हल्ला चढवला, त्यात सात जण हुतात्मा झाले. दंड संहितेचे शब्द तेवढे वाचले तर पाचांहून अधिक माणसे, हत्यारे आणि सरकारी कचेरी. त्यांचा हेतू आपण सन्मानाने विचारात घेतो, आणि तो घ्यायलाच हवा. पालावरच्या माणसाचा हेतू मात्र त्याने उच्चारण्याआधीच आपल्याला ठाऊक असतो.

आता कायद्यात जात उरली आहेच कुठे, हा तिसरा आक्षेप. उरलेली नाही, हे खरे. 31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. मात्र मुंबई राज्याने 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. व्याख्या व्यक्तीची, पण वह्या उघडल्या त्या जुन्याच ठाण्यांत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम 310 मध्ये दरोडा, तयारी, जमाव आणि टोळीशी संबंध हे सारे एकाच छपराखाली राहायला गेले आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एका पत्रकाराच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातिभेद घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. पंच्याहत्तर वर्षांच्या प्रजासत्ताकात हे बजावावे लागले, यातच आक्षेपाचे उत्तर आहे.

जन्मावरून संशय घेण्याने निदान फिर्यादीचे तरी भले होते का? नाशिकजवळ जून 2003 मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांवर खटला चालला. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने फेरविचारात सर्वांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि तो धागा पोलिसांनी सोडून दिला होता, हे तेव्हा पुढे आले. सहापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. तोवर आयुष्यातली सोळा वर्षे कोठडीत गेली होती. आणि खरे गुन्हेगार मोकळे सुटले, असे न्यायालयाने निकालपत्रात नोंदवले.