शील हुकमाने येते काय?

धर्माच्या किंवा सरकारच्या सत्तेखाली खरा सदाचार टिकतो काय? हा प्रश्न आम्ही इतिहासालाच विचारू. चोरखमारा तलावाचे गाव, तेव्हा साक्षही तळ्याचीच काढू.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. पण सारे कागदावर! धर्माची दहशत तळ्याच्या काठावर बसूनच होती.

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मग काय झाले? सनातन्यांनी परतणाऱ्या लोकांना मारहाण केली आणि शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. म्हणजे माणूस मारणे पाप नाही, पाणी पिणे पाप! डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला. हायकोर्टाचा न्याय मिळायला १९३७ साल उजाडले.

मग त्या दिवशी महाडात शील कोणाजवळ होते? संख्येने जास्त असून, मार खाऊनही बाबासाहेबांच्या सांगण्यावरून ज्यांनी उलटा हात उचलला नाही, त्यांच्याजवळ. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणाऱ्या सहस्रबुद्धे यांच्याजवळही होते. ते जन्माने ब्राह्मण. त्यांना ग्रंथाची आज्ञा नव्हती, सरकारचा दट्ट्याही नव्हता.

म्हणूनच १९३६ मध्ये बाबासाहेबांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म यांत फरक केला. नियम पाळणारा फक्त हुकूम पाळतो, जबाबदारी घेत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी पंचशील घेतले. त्यातील 'समादियामि' म्हणजे मी स्वतः स्वीकारतो. तेथे देवाची आज्ञा नाही, नरकाची धमकी नाही.

मग कायदा नकोच काय? तसे नाही. घटनेचे कलम १७ नसते तर दुबळ्याला आधार कोणाचा? कायदा मारणाऱ्याचा हात धरतो, ते त्याचे काम. मन मात्र ज्याचे त्यालाच वळवावे लागते.

बंधू-भगिनींनो, विहारात आपण पाचवे शील म्हणतो आणि सांजेला कुणाकुणाची पावले भट्टीकडे वळतात. उद्या विहार कमिटीने दंड ठोकला तर दारू थांबेलही. पण शील येईल काय? त्यापेक्षा दर रविवारी एकेक शील घेऊन, ते का पाळायचे, यावर मुलाबाळांसह बोलावे असे आम्हाला वाटते. जयभीम!