वेड्यांच्या परिचारकांचा संयम

रोग्यानें हात उगारला असतां परिचारकानें काय करावें, हा प्रश्न शुश्रूषेइतकाच जुना आहे. युरोपांतील वेड्यांच्या इस्पितळांत त्यास दीर्घकाळ एकच उत्तर ठाऊक होतें, तें म्हणजे साखळदंड. हें उत्तर कोणीं बदललें असें विचारतांच बहुतेक वाचक फ्रेंच वैद्य फिलिप पिनेल यांचें नांव घेतील. टोनी रोबेर-फ्लरी या चित्रकाराच्या १८७६ सालच्या चित्रानें ही समजूत दृढ केली. त्यांत पिनेल यांच्या समोर एका वेड्या स्त्रीच्या बेड्या काढल्या जात आहेत. परंतु या कीर्तींतील मोठा वांटा एका परिचारकाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

ज्याँ-बातिस्त प्युसँ हा मूळचा कातडीं कमावणारा. गंडमाळेच्या उपचारासाठीं तो पॅरिसजवळील बिसेत्र इस्पितळांत आला, बरा झाल्यावर तेथेंच राहिला आणि पुढें वेड्यांच्या विभागाचा मुख्य झाला. १७९३ सालीं पिनेल तेथें आले, ते त्याच्याच अनुभवावर शिकले. बिसेत्रमधील साखळ्या प्युसँनें १७९७ सालीं काढविल्या. त्यापूर्वींच, १७९५ सालीं, पिनेल साल्पेत्रिएर येथें गेले होते. पिनेल यांनीं हें ऋण आपल्या ग्रंथांत मोकळेपणानें मान्य केलें आहे. विसर पडला तो मागाहून आलेल्यांस.

साखळी निघाली म्हणजे रोग्याचा प्रहार कोणाच्या अंगावर यावयाचा? वैद्याची फेरी घटकाभराची; अष्टौप्रहर जवळ असतो तो परिचारक. प्युसँचा नियम असा कीं, रोग्यानें मारलें तरी उलट हात टाकूं नये. जे हा नियम मोडीत त्यांस तो काढून टाकी, आणि त्यांच्या जागीं बरे होत आलेले रोगी नेमी. ज्यानें स्वतः तें दुःख भोगलें, त्यास दुसऱ्याच्या क्रोधामागील भीति ओळखूं येते, हें त्यांतील मर्म.

तथापि केवळ संयमाच्या उपदेशानें भागत नाहीं. इंग्लंडांत लिंकन येथील वेड्यांच्या इस्पितळांत १८३० सालीं ९२ रोग्यांपैकीं ५४ जणांस बांधण्यांत आलें व त्याचे एकूण तास २७ हजारांवर गेले. १८३७ सालीं १३० रोग्यांपैकीं दोघांसच, तेंहि अवघे २८ तास, बांधावें लागलें. हें घडविणारे रॉबर्ट गार्डिनर हिल यांनीं त्याचें मोलहि सांगून ठेविलें आहे: पुरेसे व धडधाकट परिचारक, आणि अखंड देखरेख. १८३९ सालीं जॉन कोनोली यांनीं हॅनवेल येथें सुमारें ८०० रोग्यांच्या इस्पितळांत हीच रीत चालविली. १८८५ सालीं वेड्यांच्या परिचारकांसाठीं इंग्रजींत पाठ्यपुस्तक निघालें व १८९१ पासून त्यांस परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळूं लागलें. पूर्वींचा राखणदार अशा रीतीनें परिचारक झाला.

महाराष्ट्रांत वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० सालीं कायदा झाला, हें योग्यच झालें. परंतु शिक्षा येते ती घाव बसल्यानंतर. आणि वेडाच्या भरांत मारणाऱ्यास ती देणें न्यायाचें नाहीं. तो घाव टळतो तो सोबतीच्या माणसांनीं, शिक्षणानें आणि देखरेखीनें. रात्रपाळींत एकाच परिचारिकेवर सारी खोली सोंपवावयाची आणि तिजपाशीं प्युसँचा संयम मागावयाचा, यास दया म्हणतां येणार नाहीं. साखळी वांचविण्याचा खर्च तिच्या देहावर टाकण्याचाच तो प्रकार होय.