उद्यान-शुल्काची आकारणी

उद्यान-शुल्क : नव्या गृहवसाहतीमुळे वाढणाऱ्या लोकवस्तीला उद्याने व क्रीडांगणे उपलब्ध व्हावीत, या हेतूने बांधकामास मंजुरी देताना स्थानिक शासनसंस्था विकसकाकडून एकवार वसूल करते ती रक्कम. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक राज्यांत ही पद्धत रूढ असून कॅलिफोर्निया राज्यात तिची विशेष तपशीलवार बांधणी झालेली आहे. सामान्य कराचे उत्पन्न शासनाच्या कोणत्याही कामी लावता येते. हे शुल्क मात्र ज्या गरजेपोटी घेतले त्याच गरजेच्या पूर्ततेसाठी खर्ची घालावे लागत असल्यामुळे, गरज किती आणि ती कोणी निर्माण केली याचा हिशेब हाच त्याच्या वैधतेचा पाया ठरतो.

कायदेशीर आधार : कॅलिफोर्नियाच्या १९६५ च्या क्विम्बी कायद्याने, जमिनीचे भूखंड पाडणाऱ्याकडून उद्यानासाठी जागा, तिच्या बदल्यात रोख रक्कम, किंवा दोन्ही मागण्याचा अधिकार शहरांना व काउंट्यांना दिला. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने वॉलनट क्रीक शहराविरुद्ध या तरतुदीस आव्हान दिले, तेव्हा उद्यानाची गरज केवळ त्याच एका वसाहतीमुळे उद्भवली असल्याचे सिद्ध करण्याचे कारण नाही, असा निर्णय देऊन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये कायदा उचलून धरला. पुढे १९७८ मध्ये राज्यातील मतदारांनी संमत केलेल्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ताकरावर मूल्याच्या एक टक्क्याची मर्यादा घातली आणि स्थानिक तिजोरीचा मुख्य झरा आटल्यामुळे अशा शुल्कांवरील मदार वाढत गेली. १९८७ मध्ये संमत झालेल्या शुल्कविषयक कायद्याने शुल्काचा हेतू, विनियोग आणि विकासाशी असलेला त्याचा वाजवी संबंध दाखविणे शासनसंस्थांना बंधनकारक केले. भूखंड न पाडता बांधलेल्या भाड्याच्या इमारती क्विम्बी कायद्याच्या कक्षेबाहेर राहत असल्याने त्यांच्यावरील आकारणी सामान्यतः या दुसऱ्या कायद्यान्वये होते.

हिशेबाची रीत : क्विम्बी कायद्याचे मूळ प्रमाण दर हजार रहिवाशांस ३ एकर, म्हणजे माणशी सुमारे १२ चौ. मी., असे आहे. शहरातील विद्यमान उद्यानक्षेत्र याहून अधिक असेल तर ते प्रमाण ५ एकरांपर्यंत वाढविता येते. दर घरामागे किती माणसे धरावयाची, हे सामान्यतः ताज्या जनगणनेवरून ठरते, आणि स्वतंत्र घरे व सदनिका यांसाठी पुष्कळदा निरनिराळे आकडे घेतले जातात. निव्वळ उदाहरणादाखल १०० घरांची वसाहत, घरटी ३ माणसे आणि एकरी २० लाख डॉलर भाव असे गृहीत धरले, तर ३०० रहिवाशांसाठी ०.९ एकर (३६ गुंठे) जागा लागेल, तिचे मूल्य १८ लाख डॉलर होईल आणि प्रत्येक घरावर १८,००० डॉलर आकार बसेल. सपाटीकरण, वृक्षारोपण, पायवाटा, खेळाची साधने यांचा खर्च वेगळा काढला जातो. जेथे मोकळी जमीनच उरलेली नाही अशा जुन्या शहरांत एकरांऐवजी विद्यमान उद्यानांचे एकंदर मूल्य काढून त्यास लोकसंख्येने भागतात आणि तो माणशी आकडा नव्या रहिवाशांना लावतात.

मर्यादा : जुन्या वस्तीच्या उद्यानांची तूट नव्या रहिवाशांकडून भरून काढता येत नाही, आणि उद्यानांची नित्य देखभालही या रकमेतून भागविता येत नाही. क्विम्बी कायद्याखाली जमा झालेली रक्कम ठराविक मुदतीत, साधारणतः पाच वर्षांत, कामास नेमून द्यावी लागते. अन्यथा ती परत करणे भाग पडते. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑरेगन राज्यातील टायगार्ड शहराच्या खटल्यात (१९९४) असे ठरविले, की परवानगीच्या बदल्यात मागितलेली जमीन आणि विकासाचा परिणाम यांत स्थूल प्रमाणबद्धता असली पाहिजे. २०२४ मध्ये एल डोराडो काउंटीच्या रस्ताशुल्कासंबंधी निकाल देताना, विधिमंडळाने सर्वांसाठी सरसकट ठरविलेले शुल्कही अशा कसोटीतून सुटत नाही, असे याच न्यायालयाने स्पष्ट केले.

आक्षेप : हिशेब अंकगणिती असला तरी त्यातील प्रमाण, कुटुंबाचा आकार आणि जमिनीचा भाव हे तिन्ही घटक निवडीचे असतात, आणि धोरणाचा खरा निर्णय त्या निवडीतच होऊन गेलेला असतो. घरटी समान शुल्क लावल्यास लहान घरावर तुलनेने अधिक बोजा पडतो. म्हणून कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून, १ जुलै २०२२ नंतरच्या शुल्कनिश्चितीच्या नव्या अभ्यासांत शुल्क घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात काढावे, अथवा तसे न करण्याची कारणे नमूद करावीत, असे ठरविले.

महाराष्ट्रातील पद्धती : मुंबईबाहेरील बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास-नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात सर्वसाधारणतः १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवावी लागते. येथे मोजमाप माणसांचे नसून जमिनीचे असल्याने वसाहतीतच जागा राखली जाते, ही या रीतीची सोय. मात्र त्याच जमिनीवर मजले वाढून रहिवासी दुप्पट झाले तरी ते १० टक्के तेवढेच राहतात, ही तिची उणीव होय.