लूपमध्ये प्लसने स्ट्रिंग जोडली की ॲप का अडकतं?

कोडिंग शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात आपण 'नमस्कार' प्लस नाव असं करून दोन स्ट्रिंग जोडतो. काम होतं, छान वाटतं. पण हाच प्लस लूपमध्ये टाकला आणि डेटा वाढला की ॲप अडकायला लागतं.

कारण जावा, कोटलिन आणि पायथनमध्ये स्ट्रिंग इम्युटेबल असते, म्हणजे एकदा तयार झाली की बदलता येत नाही. त्यामुळे प्लस केल्यावर नवीन मजकूर जुन्याच्या शेवटी चिकटत नाही; मेमरीत नवी जागा घेऊन दोन्ही मजकूर तिथे कॉपी करावे लागतात.

आता जरा हिशोब करू. समजा चॅटचे 10,000 मेसेज एका फाइलसाठी जोडायचे आहेत, प्रत्येकी 50 कॅरॅक्टर. एकूण मजकूर फक्त 5 लाख कॅरॅक्टरचा. पण लूपमध्ये आधी 50, मग 100, मग 150 असं कॉपी होत होत आकडा जातो जवळपास 250 कोटींवर! मेसेज दुप्पट झाले की काम चौपट. शिवाय टाकून दिलेल्या स्ट्रिंग साफ करायचा खर्च वेगळाच.

पायथनमध्ये उपाय सोपा आहे: तुकडे लिस्टमध्ये जमा करा आणि शेवटी एकदाच जॉइन करा. जॉइन आधी एकूण लांबी मोजतं, तेवढी जागा एकदाच घेतं आणि प्रत्येक तुकडा एकदाच कॉपी करतं. काही वेळा पायथन प्लसवालं कामही आतल्या आत जुनी स्ट्रिंग वाढवून उरकतं, म्हणून टेस्ट केल्यावर तुम्हाला फरक दिसणारही नाही. पण मी त्या सवलतीवर विसंबत नाही. तीच स्ट्रिंग दुसऱ्या व्हेरिएबलमध्येही असेल तर ती मिळत नाही.

जावामध्ये 2004 च्या जावा 5 पासून स्ट्रिंगबिल्डर आहे. तो सुरुवातीला 16 कॅरॅक्टरची जागा ठेवतो आणि ती भरली की साधारण दुप्पट करतो, त्यामुळे कॉपी क्वचितच होते. लांबीचा अंदाज असेल तर आकडा आधीच देऊन टाका. फक्त स्ट्रिंगबिल्डर लूपच्या बाहेर तयार करा. आत केला तर सगळा फायदा गेला. कोटलिनमध्ये हेच काम बिल्डस्ट्रिंग करतं, आणि अँड्रॉइडसाठी मी तेच वापरतो.

आणि हो, एकाच ओळीत दोन-तीन स्ट्रिंग जोडायच्या असतील तर बिनधास्त प्लस वापरा. तिथे जावाचा कंपायलर स्वतःच सोय करून घेतो.